पेटीतलं लिनन

तुळजाराव अण्णांनी मला माझं नाव विचारलं ते ओळख झाल्यावर तिसऱ्या महिन्यात. तोवर त्यांना माझी छाती ठाऊक होती आणि तेवढं त्यांना पुरत होतं.

बसवनगुडीतल्या त्यांच्या घराची वरची खोली भाड्याने मिळेल का, हे विचारायला मी गेलो, तेव्हा ते व्हरांड्यात कॉफी पीत बसले होते. पुण्याहून आलोय, कंपनीत प्रोग्रॅमर आहे, एकटाच आहे, असं सगळं मी पाठ केल्यासारखं सांगितलं. त्यांनी त्यातलं एक अक्षर ऐकलं नाही. उठून माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि आत तोंड करून ओरडले, "रुक्मा, छत्तीस आलाय! डावा खांदा पाव इंच खाली. पुस्तकाची पिशवी धरून वाढलेला आहे, खोली देऊया म्हणून म्हणतो!"

मला खोली मिळाली ती अशी, उतरलेल्या खांद्याच्या गुणवत्तेवर.

अण्णांचं चिकपेटेत शिंप्याचं दुकान होतं. तीस-पस्तीस वर्षं माणसांच्या अंगाला टेप लावून लावून त्यांना माणसं मापातच दिसायला लागली होती. रस्त्यात कुणी नमस्कार केला की तो पुढे जाईपर्यंत ते हसत राहायचे आणि मग मला सांगायचे, "बेचाळीस कंबर. बायको गेल्यापासून चाळीस." नाव मात्र आठवायचं नाही. पेपरात कुणा मंत्र्याचा फोटो आला की राजकारण राहिलं बाजूला, "कोट कुणी शिवला रे याचा? काखेत धरलाय," एवढंच त्यांचं मत.

इतक्या लोकांना नेटके कपडे घालणारा हा माणूस स्वतः मात्र गबाळा दिसायचा. सदऱ्याची एक बाही मनगटावर, दुसरी अंगठ्यापर्यंत. कारण विचारलं तर म्हणायचे, "माप घेणाऱ्याचं माप कोण घेणार?" त्यांच्या वडिलांनी शेवटचं माप घेतलं होतं, ते लग्नातल्या कोटासाठी. त्यानंतर त्यांनी आपल्या अंगाला कुणाला टेप लावू दिली नव्हती. स्वतःचे सदरे ते अंदाजाने बेतायचे आणि तो अंदाज दर वेळी चुकायचा.

त्यांचं मराठी ऐकून मी पहिला आठवडाभर खूप हसलो. पुण्याचा असल्यामुळे ते माझं कर्तव्यच होतं. चौदा पिढ्यांपूर्वी त्यांचे पूर्वज फौजेबरोबर इकडे कन्नड मुलुखात आले, तेही लढायला नव्हे. "तंबू शिवायला आलो आम्ही. तंबू उठला, आम्ही राहिलो," असं अण्णा सांगायचे. एवढ्या काळात त्यांच्या मराठीत कन्नड अशी मुरली होती की थोडंसं म्हणजे 'स्वल्प' आणि बरोबर म्हणजे 'सरी' असं पुण्याकडे कुणी बोलत नाही हे त्यांना सांगून पटत नव्हतं. मला ते 'पुणेस्वामी' म्हणायचे. त्यात आदर किती आणि थट्टा किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यांचा खरा लाडका शब्द मात्र अस्सल मराठी होता. माया. शिंपी लोक शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, पुढे अंग भरलं तर उसवून कपडा सैल करता यावा म्हणून, त्याला माया म्हणतात. अण्णा दीड इंच ठेवायचे. आणि ती फक्त कापडातच ठेवून थांबते तर ते अण्णा कसले! नऊच्या बसला आठला निघायचे, का तर माया. कॉफीच्या पेल्यात वर बोटभर जागा सोडायचे, माया. रुक्माअक्का, म्हणजे त्यांची बायको, रोज दोन माणसांत तिघांचा भात टाकायची. मी विचारलं तर तिनेही मान खाली घालून तेच सांगितलं, "असू दे रे. माया."

असे हे अण्णा एका रविवारी सकाळी टेप गळ्यात टाकून माझ्या खोलीत आले आणि म्हणाले, "पुणेस्वामी, माझ्या पेटीत लिनन घालून देतोस काय?"

मला वाटलं, कपड्यांची पेटी. मी म्हटलं, "घालू की. डांबराच्या गोळ्या आहेत का? लिननला कसर लागते."

"गोळ्या कशाला? तुमच्या कंपनीत सगळे लिननच घालतात म्हणून सांगितलं मला."

मी माझ्या टेरिकॉटच्या शर्टाकडे बघितलं. हा गोंधळ बराच वेळ चालला. शेवटी ते मला हाताला धरून खाली मागच्या खोलीत घेऊन गेले आणि शिलाई मशीनशेजारच्या टेबलावरचं झाकण म्हणून घातलेलं फुलाफुलांचं कापड त्यांनी उचललं. खाली चक्क कॉम्प्युटर होता! म्हणजे पेटी ती ही. आणि लिनन म्हणजे लिनक्स.

"ही पेटी कुणाची?" मी विचारलं.

"यशवंतपूरची," अण्णा म्हणाले आणि खडू शोधायला लागले.

यशवंतपूर म्हणजे स्टेशन नव्हे, त्यांचा मुलगा. हे मला नंतर स्वयंपाकघरात अक्काने हळू आवाजात सांगितलं. मुलाचं नाव गिरीश. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी त्याने एक प्रोग्रॅम लिहिला होता. माणसाची मापं द्यायची, मशीन कपडा बेतून दाखवणार. तो मोठ्या उत्साहाने वडिलांना दाखवायला आला, तर अण्णांनी बघायलाच नकार दिला. "हे म्हणाले, मशीनला माया कुठली? तो म्हणाला, तुम्ही बघितलंत तरी कुठे? आणि गेला. चार वर्षं झाली." तो राहत होता यशवंतपूरला, एका कारखान्यात नोकरीला. घरापासून एका बसच्या अंतरावर. त्या दिवसापासून अण्णांनी त्याचं नाव घेतलं नव्हतं, नुसतं गाव घ्यायचे.

पेटी तो मागे ठेवून गेला होता. दुकानाच्या वह्यांना वाळवी लागली तेव्हा सगळ्या गिऱ्हाइकांची मापं त्यानेच त्यात उतरवली होती. तो गेल्यावर अण्णा एका बोटाने टाइप करायला आपले आपण शिकले आणि नवी मापं भरत राहिले. आणि परवा शिलाई मशीनच्या खणात, खडूंच्या खाली, त्यांना एक फ्लॉपी सापडली होती. तिच्यावर लिहिलं होतं 'कटिंग'. ती विंडोजमध्ये उघडेना. गिरीशच्या कॉलेजातलाच एक जण पॅन्ट शिवायला आला होता, तो म्हणाला, याला लिनक्स लागेल.

"मला एकच बघायचंय," अण्णा म्हणाले. "माया ठेवलीय की नाही. नसली तर मी बोललो ते सरी. असली तर..."

आता एक कबुली. मला या कामातलं काही म्हणजे काही येत नव्हतं. सन दोन हजार उजाडलं की बँकांची यंत्रं गोंधळतील म्हणून जुने कोबोल प्रोग्रॅम दुरुस्त करणाऱ्या फौजेतला मी एक. आमचं यंत्र समुद्रापार कुठेतरी होतं, मी त्याला कधी बघितलंही नव्हतं. पण 'येत नाही' हे शब्द पुण्याच्या माणसाच्या तोंडून सहजी बाहेर पडत नाहीत. मी म्हटलं, "हात्तिच्या! एका रविवारचं काम."

पुढच्या रविवारी सकाळी मी ऑफिसातल्या मित्राची सीडी घेऊन बसलो. अण्णा माझ्या शेजारी स्टुलावर. मी समजावलं, डिस्कवर सध्या सगळी जागा विंडोजने व्यापली आहे, तिला एका बाजूला सरकवून उरलेल्या जागेत लिनक्स बसवायचं. दोन्ही एकाच यंत्रात नांदतील, चालू करताना हवं ते निवडायचं.

"म्हणजे तागा एक, कपडे दोन," अण्णा म्हणाले. त्यांचे डोळे चमकायला लागले. "थांब, थांब! असं न आखता कापतात काय?" आणि मी हां हां म्हणेपर्यंत त्यांनी शिंप्याचा निळा खडू घेऊन मॉनिटरच्या काचेवर एक उभी रेघ ओढली. "हे खिडकीला. हे लिननला. आणि मध्ये हे..." त्यांनी आणखी एक रेघ ओढली. "स्वल्प माया."

"अण्णा, इथे शिवण नसते. मध्ये मोकळी जागा सोडायची गरज नाही."

"बेडा स्वामी, बेडा! नको! माया नाही तर मी कापू देणार नाही. गिऱ्हाईक वाढलं म्हणजे?"

वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी त्यांच्या समाधानासाठी विंडोजच्या शेजारी वीस एमबीची एक चिंधी रिकामी सोडली आणि मनातल्या मनात ही गोष्ट सोमवारी ऑफिसात कशी रंगवून सांगायची ते ठरवलं.

दुपारपर्यंत सीडी घरघरत राहिली. पडद्यावर नावांची रांग सरकत होती आणि अण्णा प्रत्येक ओळीला "सरी, सरी" म्हणत होते. शेवटी 'अभिनंदन' आलं. मी ऐटीत यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. काळा पडदा आला. वरच्या कोपऱ्यात दोन इंग्रजी अक्षरं उमटली. एल. आय. आणि तिथेच सगळं थांबलं.

"ली," अण्णांनी वाचलं. "लिननमधला ली! आला आला! रुक्मा, ये लवकर!"

आम्ही वाट बघितली. पुढचं अक्षर येईना. पुन्हा चालू केलं, पुन्हा ली. पाच वेळा केलं, पाचही वेळा ली. अण्णा मान वाकडी करून पडद्याला कान लावून बसले आणि एकदम मांडीवर थाप मारून म्हणाले, "कन्नड बोलतंय रे ते! 'इल्ली, इल्ली' म्हणायला बघतंय, म्हणजे इथे, इथे. घसा बसलाय बिचाऱ्याचा!"

मला हसू येईना. कारण माझ्या तेव्हा लक्षात आलं होतं की लिनक्स तर नाहीच, पण विंडोजही आता चालू होत नाही. दोघांच्याही दारात हा ली आडवा पडला होता. आणि आत अण्णांच्या साऱ्या गिऱ्हाइकांची मापं होती, ज्यांच्या वह्या वाळवीने कधीच खाल्ल्या होत्या. लग्नसराई तोंडावर. मी कसंबसं हे त्यांना सांगितलं. पुणेरी आवाज पार बसला होता माझा, त्या यंत्रासारखाच.

अण्णांनी सदऱ्याचा खिसा चाचपला. मग म्हणाले, "गिऱ्हाईक कुठं जातंय? परत माप घेतो. फ्लॉपी तर बाहेर आहे ना?" त्यांना काळजी फ्लॉपीचीच होती. तिला त्यांनी सदऱ्याच्या खिशात, रुमालात गुंडाळून ठेवलं होतं.

तो आठवडा मी ऑफिसात कोबोलकडे बघितलंदेखील नाही. संध्याकाळी घरी येऊन दोनदा सगळं नव्याने बसवलं, दोनदा ली. अण्णा रोज दाराशी उभे, "आयतु काय? झालं?" आणि माझं तोंड बघून स्वतःच म्हणायचे, "उद्या होते बघ." चिकपेटेत त्यांनी गिऱ्हाइकांना नुसतं बघून मापं सांगायचा धडाका लावला होता आणि एकही कपडा परत आला नाही म्हणे.

शेवटी मी शरण गेलो सरस्वतीला. ही आमच्या ऑफिसातली यंत्रं सांभाळायची. तिने एकच विचारलं, "पेटी जुनी आहे का?" मग कागदावर चित्र काढून समजावलं. यंत्र चालू होताना एक छोटा निरोप्या उठतो आणि आपल्या जोडीदाराला शोधायला जातो. ली म्हणजे निरोप्या उठला, पण जोडीदार सापडला नाही. कारण जुन्या यंत्राचा हात डिस्कवर एका ठरावीक अंतरापर्यंतच पोचतो. आणि मी लिनक्स बसवलं होतं त्याच्या पलीकडे. अलीकडे जागा हवी. थोडीशीच, पण अलीकडे. विंडोज मात्र बूट फ्लॉपीने परत उठवता येईल, मापं सुरक्षित असतील, असंही ती म्हणाली. माझ्या छातीवरचा धोंडा निम्मा उतरला.

रविवारी मी अण्णांना हे सांगायला बसलो. समजावायला दोन वाक्यंही लागली नाहीत.

"हात पुरत नाही," ते म्हणाले. "बाही आखूड झाली!"

"बरोबर. पण अलीकडे सगळी विंडोज आहे अण्णा. लिननला जागा करायची तर विंडोज पुसून पहिल्यापासून..."

"अलीकडे किती लागते?"

"फार नाही. दहा-पंधरा एमबी."

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी सावकाश मॉनिटरकडे बोट केलं. काचेवर आठवडाभरापूर्वीच्या दोन निळ्या रेघा तशाच होत्या. अक्काने धूळ पुसताना त्या वगळल्या होत्या.

"माया आहे की," अण्णा म्हणाले.

मी कागद ओढला, आकडे मांडले, एकदा खोडले, परत मांडले. विंडोज संपते तिथून वीस एमबी. यंत्राचा हात पोचतो त्या हद्दीच्या अगदी आत! मी खुर्चीवरून उडीच मारली. "अण्णा! बसते! मायेत बसते!" अण्णांनीही स्टुलावरून उडी मारली. कशासाठी ते त्यांना नीट कळलं नसावं, पण त्यांनी मला मिठी मारली आणि त्या मिठीतही माझी छाती मोजली. "सदतीस! रुक्माचा भात लागला याला!"

मायेच्या त्या चिंधीत निरोप्याचा जोडीदार बसवला. विंडोजही उठली, मापं सगळी जिथल्या तिथे. मग शेवटी यंत्र पुन्हा चालू केलं. काळा पडदा. एल. आय. आम्ही दोघांनी श्वास धरला. अक्का पळी घेऊन दारात उभी. एल. ओ. निरोप्याची चारही अक्षरं पुरी झाली.

"घसा सुटला!" अण्णा ओरडले. शेजारच्या घराची खिडकी उघडल्याचा आवाज आला.

त्यांनी खिशातून फ्लॉपी काढली, रुमालाने पुसली आणि दोन्ही हातांनी माझ्याकडे दिली. मित्राने लिहून दिलेल्या आज्ञा मी एकेक करून टाइप केल्या. प्रोग्रॅम चालू झाला. त्याने विचारलं, कुणाचं माप? फ्लॉपीवर मापांची एकच फाइल होती. रोमन लिपीत चार अक्षरं. अप्पा.

गिरीश वडिलांना अप्पा म्हणायचा.

मी बटण दाबलं. एकाखाली एक ओळी आल्या. छाती चाळीस. उजवा खांदा अर्धा इंच खाली. डावी बाही साडेतेवीस, उजवी चोवीस. त्याखाली फुल्या-फुल्यांनी काढलेली सदऱ्याची आकृती, मागचा भाग, पुढचा भाग, दोन वेगवेगळ्या लांबीच्या बाह्या. आणि सगळ्यात शेवटची ओळ, एम ए वाय ए, पुढे आकडा. दोन.

अण्णा पडद्याच्या अगदी जवळ गेले. मग त्या आकड्यावर बोट ठेवून, मला नव्हे, अक्काला म्हणाले, "दोन इंच ठेवलीय ग त्यानं. मी दीडच ठेवतो."

अक्काने पदर डोळ्यांना लावला. माझीही तीच गत होती, लपवत नाही.

"पण माप कधी घेतलं माझं? मी कुणाला टेप लावू दिली नाही," अण्णा म्हणाले.

"रविवारी दुपारी तुम्ही घोरत होतात तेव्हा," अक्का म्हणाली. "टेपचं दुसरं टोक मी धरलं होतं."

अण्णांनी गळ्यातली टेप काढली आणि माझ्या हातात दिली. "घे."

"काय?"

"माप."

मी जन्मात कुणाचं माप घेतलं नव्हतं. ते लहान मुलासारखे दोन्ही हात पसरून उभे राहिले आणि "स्वल्प वर, काखेखाली, ओढू नकोस," असं सांगत राहिले. छाती अडतीस भरली. मी परत घेतली. अडतीसच.

"दोन उतरली," अण्णा म्हणाले. "चुकीचं नाही त्याचं. जुनं झालं."

त्यांनी टेप माझ्याकडून घेतली, गोल गुंडाळून सदऱ्याच्या त्याच खिशात ठेवली आणि चपला पायांत अडकवल्या.

"आता कुठे, जेवायच्या वेळेला?" अक्काने विचारलं.

"गिरीशकडे. माप बदललं म्हणून सांगतो. परत घे म्हणून."

ते नाव त्या घरात चार वर्षांनी उच्चारलं गेलं होतं. अक्का पळी धरून तशीच उभी राहिली. अण्णा फाटकापर्यंत गेले, परत आले. मला म्हणाले, "पुणेस्वामी, पेटी बंद करू नकोस हं. त्याला बघू दे." मग अक्काकडे न बघता, चपलेचा अंगठा उगीचच सारखा करत त्यांनी विचारलं, "भातात माया आहे काय आज?"

"रोजच असते," अक्का म्हणाली.